खिचडीतला साबुदाणा आणि अॅमेझॉनची काळी माती

एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाताना कोणाच्या मनात भूगोल येत नाही. तरी एकदा कढईत डोकावून पाहा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तेव्हा यांपैकी एकही वस्तू भारतात नव्हती. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची, शेंगदाणा बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांच्या सीमाभागातला. तूप, जिरे आणि मीठ तेवढे आपले! साबुदाण्याची गोष्ट त्यातही मजेची आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या सागो नावाच्या ताडाच्या गाभ्यापासून करीत. आपण खातो तो मात्र मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास, टॅपिओकाच्या कंदापासून तयार होतो. टॅपिओका म्हणजेच कसावा. अॅमेझॉन खोऱ्याच्या दक्षिण कडेला राहणाऱ्या लोकांनी एका रानटी झुडपापासून हे पीक घडवले. 'टॅपिओका' हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतला. आपले 'काजू' आणि 'अननस' हे शब्दसुद्धा त्याच भाषाकुळातून, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले आहेत.

कसाव्याच्या कडू जाती विषारी असतात. कंदात लिनामारिन नावाचे द्रव्य असते. कंद चिरला, किसला की पेशी फुटतात, त्यांतल्या विकराची या द्रव्याशी गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. असा कंद कच्चा खाल्ला तर माणूस दगावू शकतो. अॅमेझॉनमधल्या बायका हा कंद किसतात आणि तो कीस वेलींच्या पट्ट्यांनी विणलेल्या एका लांब नळीत दाबून भरतात. नळी झाडाला टांगून खालून ओढली की ती लांब आणि अरुंद होते आणि कीस पिळला जातो. उरलेला चोथा भाजून भाकरी किंवा पीठ करायचे. रस उकळला की सायनाइड वाफेबरोबर उडून जाते. उकळण्यापूर्वी तो थोडा वेळ ठेवला तर तळाशी पांढरा स्टार्च बसतो. तोच टॅपिओका. सेलमच्या कारखान्यांत यंत्रे आहेत, पण किसणे, धुणे आणि स्टार्च तळाशी बसू देणे हा क्रम तोच.

हे रसायनशास्त्र कोणाच्या एका दिवसाच्या कल्पनेतून निघालेले नाही. बोलिव्हियातल्या मोहोस नावाच्या सखल मैदानात १०,००० वर्षांहून जुन्या थरांत कसाव्याचे फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, सापडल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. गहू आणि बार्ली यांच्या शेतीइतकाच हा इतिहास जुना आहे.

मी शाळेत होते तेव्हा भूगोलाच्या पुस्तकातले अॅमेझॉन वेगळे होते. निबिड अरण्य, जमिनीपर्यंत न पोचणारा सूर्यप्रकाश, अत्यंत विरळ वस्ती, शिकार, कंदमुळे आणि फिरती शेती. अशी वाक्ये मी पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि गुण मिळवले. ती वाक्ये सपशेल चूक होती असे नाही. पण ती वाचून मुलाच्या मनात जे ठसते ते चूक होते: हे असेच, अनादिकाळापासून, निसर्गानेच ठरवून दिलेले आहे. अॅमेझॉनचे खोरे भारताच्या सुमारे दुप्पट आहे. एवढ्या भूभागाच्या इतिहासाविषयीचे आपले मत गेल्या पन्नास-साठ वर्षांत पार बदलले. ते एका शास्त्राने बदलले नाही. भूगोल, मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांनी एकमेकांच्या शेतात पाय टाकला, आणि तिथल्या रहिवाशांना कोणीतरी नीट विचारले, तेव्हा ते बदलले.

एका पाद्र्याची साक्ष

१५४१ साली स्पॅनिश लोकांची एक मोहीम क्विटो शहरातून अँडीज उतरून पूर्वेकडे निघाली. त्यांना हवी होती दालचिनी आणि सोने. अन्न संपत आले तेव्हा फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा सरदार पन्नासच्या वर माणसे घेऊन एका होडक्यातून अन्न शोधायला नदीने खाली गेला. प्रवाहाविरुद्ध परत येणे जमेना, म्हणून तो पुढेच जात राहिला आणि ऑगस्ट १५४२ मध्ये थेट अटलांटिक महासागराला लागला. त्याच्याबरोबर गास्पार दे कार्वाहाल नावाचा एक पाद्री होता. एका चकमकीत बाण लागून त्याचा डोळा गेला. त्याने प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवला. त्यात नदीकाठी लांबच लांब पसरलेली गावे आहेत, आत जाणारे रुंद रस्ते आहेत, उत्तम रंगीत मातीची भांडी आहेत, आणि लढणाऱ्या स्त्रियाही आहेत. या स्त्रियांवरूनच नदीला ग्रीक दंतकथेतले 'अॅमेझॉन' हे नाव पडले.

नंतरच्या शतकांत जे प्रवासी गेले त्यांना दिसले फक्त जंगल. मग कार्वाहाल थापाड्या ठरला. त्याचा वृत्तांत छापून यायलाच १८९४ साल उजाडले, आणि तोवर कोणी तो गंभीरपणे घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. लढाऊ स्त्रियांची गोष्ट ज्याने लिहिली त्याच्या रस्त्यांवर आणि गावांवर कोण विश्वास ठेवणार?

विसाव्या शतकात या अविश्वासाला शास्त्रीय आधार मिळाला, तो बेटी मेगर्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बाईंकडून. त्यांनी पती क्लिफर्ड इव्हान्स यांच्याबरोबर १९४०च्या दशकाच्या अखेरीस नदीच्या मुखाशी असलेल्या माराजो बेटावर उत्खनन केले होते. १९५४ साली त्यांनी एक निबंध लिहिला आणि १९७१ साली एक गाजलेले पुस्तक. पुस्तकाच्या नावातच अॅमेझॉनला त्यांनी 'बनावट स्वर्ग' म्हटले. दिसायला हिरवेगार, पण माणसाला पोसायला असमर्थ. त्यांचा तर्क समजून घेण्यासारखा आहे, कारण तो वाईट तर्क नव्हता.

कोकणात किंवा गोव्यात फिरलेल्यांना जांभा ठाऊक असतो. हजारो वर्षे धो धो पाऊस पडला की मातीतली चुना, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांची विद्राव्य संयुगे धुऊन जातात आणि सिलिकाही हळूहळू निघून जाते. मागे उरतात लोह आणि अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे. म्हणून ती माती तांबडी. अॅमेझॉनच्या उंचवट्यांवरची पिवळी-तांबडी माती याच जातकुळीची आहे. ती आम्ल असते आणि तिच्यातल्या चिकणमातीला धनभारित आयन, म्हणजे पिकाला लागणारे कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे, धरून ठेवता येत नाहीत. मग एवढे मोठे जंगल उभे कशावर? तर स्वतःवरच. पान गळते, कुजते, आणि त्यातले पोषणद्रव्य मातीत मुरण्याआधीच मुळे आणि त्यांच्याशी जोडलेल्या बुरशा ते परत उचलतात. सगळी ठेव झाडांत, मातीच्या खात्यावर जवळजवळ काही नाही. झाडे तोडून जाळली तर राखेवर दोन-तीन पिके निघतात. नंतर पाऊस ती राख धुऊन नेतो आणि लोकांना नवी जागा शोधावी लागते. जिथे दर काही वर्षांनी गाव हलवावे लागते तिथे नगर, राज्य, कारागीर हे कसे निर्माण होणार? माराजो बेटावर मोठे मातीचे उंचवटे आणि सुरेख भांडी सापडली होती. ती संस्कृती बाहेरून, अँडीजकडून आली आणि तिथल्या निसर्गात ऱ्हास पावली, असे मेगर्सबाईंनी म्हटले.

साखळी पक्की आहे. तिच्या पहिल्या कडीत मात्र एक गृहीत दडलेले आहे: मातीचा कस निसर्गाने दिला तेवढाच, माणूस तो फक्त संपवू शकतो.

काळी माती

अॅमेझॉन आणि तिच्या उपनद्यांच्या काठावरच्या टेकाडांवर अधूनमधून काळ्याभोर मातीचे तुकडे आढळतात. ब्राझीलमध्ये तिला 'तेरा प्रेता' म्हणतात. (मराठी कानाला उगाच भलता भास होतो. प्रेता म्हणजे फक्त काळी.) पूर्ण नाव 'इंडियनांची काळी माती' असे आहे, म्हणजे शेतकऱ्यांना ती कोणाची हे आधीपासून ठाऊक होते. १८७०च्या दशकात चार्ल्स हार्ट आणि हर्बर्ट स्मिथ या अमेरिकन अभ्यासकांनी तिची नोंद केली होती. पण तिचा खरा अभ्यास सुरू झाला तो विम सोम्ब्रूक या डच मृदाशास्त्रज्ञापासून. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला तेव्हा सोम्ब्रूक लहान होते. त्यांचे कुटुंब एका लहानशा शेतावर जगले. त्या शेताची माती पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गवताची ढेकळे, शेण आणि राख टाकून बनवलेली होती. पुढे ब्राझीलमध्ये काळी माती पाहिल्यावर ही माणसाने केलेली माती आहे हे त्यांना ओळखू आले. त्यांचे अॅमेझॉनच्या मातीवरचे पुस्तक १९६६ साली आले.

या मातीचे तुकडे बहुधा काही हेक्टरांचे असतात, काही फार मोठेही. थर कधी एक-दोन मीटर जाड. त्यात खापऱ्या, माशांची हाडे आणि कोळसा खच्चून भरलेला असतो. हाडांतून फॉस्फरस आणि कॅल्शियम आले. पण ते शतकानुशतके धुऊन का गेले नाही, याचे उत्तर कोळशात आहे. लाकूड पूर्ण जळले तर राख होते. कमी हवेत, धुमसत जळले तर कोळसा होतो. त्यातला कार्बन षट्कोनी कड्यांच्या घट्ट रचनेत बांधलेला असतो, त्यामुळे जिवाणूंना तो सहज पचत नाही. पालापाचोळ्याचे खत या हवामानात काही वर्षांत संपते, कोळसा शेकडो ते हजारो वर्षे टिकतो. शिवाय काळाच्या ओघात त्याच्या पृष्ठभागाचे मंद ऑक्सिडीकरण होऊन तिथे ऋणभारित गट तयार होतात आणि ते कॅल्शियम-पोटॅशियमचे आयन पकडून ठेवतात. म्हणजे जांभ्या जातीच्या मातीत जी उणीव होती तीच भरून निघते. ब्रूनो ग्लासर आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या निबंधानुसार, या मातीत शेजारच्या मातीच्या सत्तर पटीपर्यंत कोळशाचा कार्बन असतो. कार्बन-१४ पद्धतीने काढलेली बहुतेक वये २५०० ते ५०० वर्षांच्या दरम्यान येतात.

कोळशाचा पृष्ठभाग काय करतो याची चुणूक वर्गात दाखवता येते. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या धरा, तोंडाशी कापूस लावा. एकीत धुतलेली वाळू भरा, दुसरीत वाळू आणि लाकडी कोळशाची अगदी बारीक, धुतलेली पूड समभाग. दोन्हींत निळ्या शाईचे काही थेंब टाकलेले पाणी सावकाश ओता. कोळशाच्या बाटलीतून येणारे पाणी फिकट दिसले पाहिजे. अर्थात रंगाचे रेणू पकडणे आणि आयन धरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि ताजा कोळसा म्हणजे तेरा प्रेता नव्हे. हे मुलांना सांगायला विसरू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात शाळेच्या बागेत कोळशाचा ढीग पडेल.

आता प्रश्न असा की लोकांनी ही माती मुद्दाम केली की उकिरड्यापासून ती आपोआप झाली? २०२१ साली तर काही शास्त्रज्ञांनी असेही मांडले की मुळात नदीच्या गाळामुळे या जागा सुपीक झाल्या आणि लोक नंतर तिथे येऊन राहिले. अनेक पुरातत्त्वज्ञांनी आणि मृदाशास्त्रज्ञांनी ते खोडून काढले. नदीच्या पुराची रेघ जिथे कधी पोचत नाही अशा उंच जागीही ही माती आहे, तीही जुन्या वस्तीच्याच आकारात. पण हेतूविषयीचा प्रश्न तसाच राहिला. मेलेल्या माणसाचा हेतू खापऱ्यांतून कसा वाचणार?

कुइकुरो गावात

ब्राझीलमध्ये शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात १९६१ साली आदिवासींसाठी एक मोठे राखीव उद्यान करण्यात आले. सुमारे २६,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याच्या सातपट. तिथे सोळा जमाती राहतात. वरच्या भागातल्यांची चालरीत, सण, जेवण बरेचसे सारखे, भाषा मात्र कॅरिब, अरावाक, तुपी अशा वेगवेगळ्या कुळांतल्या. एखाद्याची आई एका भाषाकुळाची आणि बाप दुसऱ्या, हे तिथे नवल नाही. कुइकुरो ही त्यांतली कॅरिब भाषा बोलणारी जमात. कसाव्याची भाकरी आणि मासे हा त्यांचा मुख्य आहार. गाव गोल असते: मधे मोठे अंगण, भोवती घरांचे कडे, आणि अंगणातून निघणारे सरळ रुंद रस्ते.

मायकेल हेकेनबर्गर हे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गेले आणि गावात राहिले. त्यांना जंगलात खंदक दाखवण्यात आले. दाखवण्यात आले असे मुद्दाम लिहिते, कारण 'शोध लावला' हा शब्द इथे बसत नाही. खंदक कुठे आहेत, कोणत्या जुन्या गावाचे नाव काय, हे कुइकुरोंना माहीत होतेच. मोजणी केल्यावर निघाले ते असे: साधारण १२५० ते १६०० या काळातल्या एकोणीस मोठ्या वस्त्या, एकमेकींपासून काही किलोमीटर अंतरावर, आणि त्यांना जोडणारे १० ते ५० मीटर रुंदीचे सरळ रस्ते. आजच्या गावाचाच आराखडा, फक्त कितीतरी मोठा.

हा निबंध २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याच्या लेखकांची यादी मला निबंधाइतकीच महत्त्वाची वाटते. पुरातत्त्वज्ञांबरोबर कार्लोस फाउस्टो हे मानवशास्त्रज्ञ होते, आणि कुइकुरो भाषेवर कित्येक वर्षे काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ ब्रूना फ्रांकेटो होत्या. शिवाय अफुकाका कुइकुरो आणि उरिसापा तबाता कुइकुरो अशी दोन नावे होती. अफुकाका हे गावाचे प्रमुख. मार्गदर्शक, दुभाषे, वाटाडे म्हणून अशा माणसांचे आभार मानायची पद्धत जुनी आहे. लेखक म्हणून नाव छापणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्यात त्यांच्या ज्ञानाला पुराव्याचा दर्जा दिलेला असतो.

हेतूच्या प्रश्नाचे उत्तरही याच गावातून आले. कुइकुरो घरांच्या मागे कसाव्याच्या साली, माशांचे काटे, राख आणि कोळसा यांचे ढीग साठवतात आणि ते कुजू देतात. काही वर्षांत तिथे काळी, भुसभुशीत माती तयार होते आणि तिच्यात ते नाजूक पिके लावतात. त्यांच्या भाषेत या मातीला 'एगेपे' असा शब्द आहे. मॉर्गन श्मिट, हेकेनबर्गर आणि कुइकुरो सहलेखक यांनी २०२३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात आजच्या गावातल्या ढिगांची माती, शेकडो वर्षांपूर्वी सोडलेल्या वस्त्यांची माती, आणि वडीलधाऱ्यांच्या मुलाखती हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्ही मातींची रासायनिक ठेवण आणि गावातली मांडणी सारखी निघाली. आणि म्हाताऱ्यांनी सरळ सांगितले की राख-कोळसा जमिनीवर पसरणे हे जमीन चांगली करण्यासाठी असते. म्हणजे शेतकऱ्याला प्रश्न विचारून मिळणारे उत्तर मृदाशास्त्राला मिळायला शतकभर लागले.

झाडांची जनगणना

माती तर झाली. पण जंगल? ते तरी निसर्गाचे ना?

२०१३ साली हान्स तेर स्टेगे आणि शंभराहून अधिक सहकाऱ्यांनी अॅमेझॉनमधल्या झाडांचा अंदाज मांडला: सुमारे १६,००० जाती आणि ३९० अब्ज झाडे. गंमत अशी की त्यांतली निम्मी झाडे फक्त २२७ जातींची आहेत. २०१७ साली कारोलिना लेव्हिस या ब्राझिलियन संशोधिकेच्या गटाने हजारावर वनखंडांतल्या नोंदी आणि तीन हजारांहून जास्त पुरातत्त्वीय स्थळांचा नकाशा एकमेकांवर ठेवला. मूळ रहिवाशांनी कमी-अधिक प्रमाणात माणसाळवलेल्या ८५ जाती त्यांनी घेतल्या: ब्राझील नट, कोको, रबर, काही ताड, वगैरे. त्यांतल्या २० जाती त्या २२७ च्या यादीत निघाल्या, योगायोगाने येतील त्याच्या पाचपट. आणि जुन्या वस्त्यांच्या जवळ या झाडांचे प्रमाण वाढते. त्यापूर्वी, १९८९ साली, का'आपोर जमातीत वर्षानुवर्षे राहून झाडांची नावे आणि उपयोग नोंदवणाऱ्या विल्यम बाले यांनी म्हटले होते की कोरड्या भूमीवरच्या जंगलाचा निदान ११.८ टक्के भाग माणसाच्या हातून घडलेला असावा. तेव्हा तो आकडा पुष्कळांना धाडसी वाटला होता.

यावर आक्षेप आहेत आणि ते ऐकायला हवेत. जिथे उपयोगी झाडे आधीच जास्त होती तिथेच लोक राहायला गेले असतील, असेही होऊ शकते. नुसता सहसंबंध कारण सांगत नाही. क्रिस्टल मॅकमायकेल, डोलोरेस पिपेर्नो यांच्यासारख्या अभ्यासकांनी मोठ्या नद्यांपासून दूर, विशेषतः पश्चिम अॅमेझॉनमध्ये, जमिनीत नळ्या घालून मातीचे नमुने काढले. तिथे कोळसा फार कमी, पिकांचे फायटोलिथ जवळजवळ नाहीत. तेव्हा 'सारे अॅमेझॉन म्हणजे बाग' हे म्हणणेही 'सारे अॅमेझॉन म्हणजे अस्पर्श अरण्य' याइतकेच घाईचे आहे. चित्र ठिपक्यांचे आहे: कुठे नगरे, कुठे बागा, कुठे खरोखरच फारसे कोणी न फिरकलेले जंगल.

भाषेचा पुरावा इथे थोडक्यात सांगते. तुपी भाषाकुळाच्या दहा शाखा आहेत. त्यांतल्या पाच एकट्या रोन्दोनिया या ब्राझीलच्या पश्चिमेकडच्या राज्यातच बोलल्या जातात. जिथे शाखांची विविधता सर्वांत जास्त तिथे भाषेला फुटायला सर्वांत जास्त वेळ मिळालेला असतो, म्हणून ते मूळस्थान मानतात. कसाव्याचा रानटी पूर्वज जनुकशास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधला तो याच दक्षिण-नैर्ऋत्य पट्ट्यात. शब्द मोजणारे आणि जनुके मोजणारे न ठरवता एकाच पत्त्यावर पोचले.

अलीकडे विमानातून लेसर किरण सोडून जंगलाखालच्या जमिनीचे चढउतार मोजण्याची लायडार पद्धत आली. बोलिव्हियात कासाराबे संस्कृतीच्या वस्त्या (इ.स. ५०० ते १४००) आणि २२ मीटर उंचीचे मातीचे पिरॅमिड २०२२ साली, तर एक्वाडोरच्या उपानो खोऱ्यात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली, ६००० हून अधिक ओट्यांची आणि रस्त्यांची नगरमालिका २०२४ साली जाहीर झाली. वृत्तपत्रांत मथळे आले ते याचेच. माझ्या मते पडलेल्या कोळशाच्या ढिगाने जास्त सांगितले होते.

मग हे सगळे लोक गेले कुठे? देवी, गोवर, फ्लू. युरोपातून आलेल्या या रोगांविरुद्ध त्यांच्या शरीरांत प्रतिकारशक्ती नव्हती, आणि रोग माणसाच्या आधी गावात पोचत. त्यात गुलाम पकडण्याच्या मोहिमांची भर पडली. १४९२ मधली अॅमेझॉनची लोकसंख्या विल्यम डेनेव्हन या भूगोलतज्ज्ञांनी ८० लाख ते १ कोटी अंदाजली आहे. या आकड्यावर वाद आहे, पण पुढच्या दोन शतकांत बहुसंख्य लोक नाहीसे झाले यावर नाही. नदीकाठ ओस पडले. वाचलेले वरच्या ओढ्यांकडे पळाले. कार्वाहाल थापा मारत नव्हता. त्याच्या मागून येणाऱ्यांनी पाहिले ते साथीनंतरचे गाव होते.

पाठ्यपुस्तकातल्या फिरत्या शेतीचेही तसेच. दगडी कुऱ्हाडीने मोठे झाड पाडायला लोखंडी कुऱ्हाडीच्या कितीतरी पट वेळ लागतो, हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे. दर दोन-तीन वर्षांनी नवे जंगल दगडाने तोडणे परवडणारे नाही. तेव्हा वारंवार जागा बदलण्याची पद्धत लोखंडी कुऱ्हाडी आल्यावर रूढ झाली असावी आणि त्याआधी लोक त्याच त्या जमिनीचा कस राखत असावेत, असे डेनेव्हन यांचे म्हणणे. ज्याला आपण अश्मयुगीन जीवन समजून शिकवत आलो, त्यातले बरेचसे सोळाव्या शतकानंतरचे आहे. बाले यांनी गुआजा जमातीविषयी असेच दाखवले. आज भटके दिसणारे हे लोक पूर्वी शेती करीत होते, धावपळीत ती सुटली, आणि ज्या बाबासू ताडाच्या फळांवर ते जगत, ते ताड दुसऱ्यांच्या जुन्या पडीक शेतांवर माजलेले होते.

हा वाद प्रयोगशाळेत राहिलेला नाही. १९७० साली ब्राझीलच्या लष्करी राजवटीने जंगल चिरत जाणारा महामार्ग सुरू केला तेव्हा घोषणा होती ती भूमिहीन माणसांना निर्मनुष्य भूमी देण्याची. भूमी निर्मनुष्य आहे हे शास्त्रज्ञांनीच तर सांगितले होते. १९८८ च्या राज्यघटनेने आदिवासींचा त्यांच्या परंपरागत भूमीवरचा हक्क मान्य केला. मग युक्तिवाद निघाला की ५ ऑक्टोबर १९८८ या दिवशी, म्हणजे घटना लागू झाली त्या दिवशी, ज्या जमिनीवर ते प्रत्यक्ष होते तेवढीच त्यांची. ज्यांना त्याआधी हुसकावले त्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ही तारखेची अट फेटाळली. संसदेने त्याच वर्षी कायदा करून ती परत आणली. वाद पुढेही चालू राहिला. अशा भांडणात जंगलातला खंदक, जुन्या गावाचे नाव आणि काळ्या मातीचा तुकडा यांना कागदपत्राचे मोल येते.

मेगर्सबाई (त्या २०१२ साली वारल्या) अखेरपर्यंत आपल्या मताला धरून होत्या. २००१ साली त्यांनी बजावले होते की अॅमेझॉन लाखो लोकांना पोसत होते असे म्हणाल तर जंगल तोडणाऱ्यांना निमित्त मिळेल. ही भीती पोकळ नव्हती. 'आदिवासींनीही जंगल बदललेच ना, मग आम्ही बदलले तर काय?' असे म्हणणारे आहेतच. त्यांना उत्तर देताना बदल आणि बदल यांतला फरक दाखवावा लागतो. पश्चिम ब्राझीलच्या आक्रे राज्यात गाईंच्या कुरणांसाठी जंगल साफ केल्यावर जमिनीवर प्रचंड चौकोन आणि वर्तुळे कोरलेली दिसली. अशी शेकडो आहेत. जेनिफर वॉटलिंग यांच्या गटाने २०१७ साली तिथल्या फायटोलिथांवरून दाखवले की ही रचना करणाऱ्यांनी बांबूचे जंगल मोठ्या प्रमाणावर कधीच तोडले नव्हते. उलट उपयोगी ताड वाढवत नेले होते. जे काम त्यांनी जंगल राखून केले, ते आपल्याला जंगल गेल्यावर दिसले.

शिंगू उद्यानाचे उपग्रहातून घेतलेले छायाचित्र मिळाले तर वर्गात लावा. सीमा कोणी आखून दाखवायची गरज नाही. आत गडद हिरवे, बाहेर चौकोनी तुकड्यांत कापलेली सोयाबीनची शेते आणि कुरणे. मात्र शिंगूला मिळणाऱ्या नद्यांचे उगम उद्यानाच्या हद्दीत घेतलेले नाहीत. ते त्या चौकोनांत आहेत, आणि कुइकुरोंचे मासे त्याच पाण्यातून येतात.